पैसे कटले, ऑर्डर नाही: महालातल्या मसाला दुकानाच्या प्रकल्प नोंदी

२१ जुलै २०२५, सोमवार

काम घेतलं: एका मसाला दुकानाच्या वेबसाइटवर पैसे भरायची सोय नीट करायची. दुकान नागपूरच्या महाल भागात, जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत. सावजी मसाला, भिवापुरी मिरचीची पूड, वायगावची हळद, जवसाची चटणी, आणि सणावाराला संत्रा बर्फी. मालकी काकूंची. पॅकिंग आणि व्हॉट्सअॅप त्यांच्या सूनबाईंकडे (मी त्यांना वहिनी म्हणतो), हिशेब मुनीमजींकडे. मुनीमजी इतवारीत आणखी तीन दुकानांच्या वह्या बघतात आणि इथे दिवसाआड संध्याकाळी येतात.

वेबसाइट दोन वर्षांपासून आहे. पैसे भरायच्या पानावर काय आहे, तर गल्ल्यावरच्या क्यूआर स्टिकरचा मोबाइलने काढलेला फोटो. खाली ओळ: "पैसे पाठवून स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप करा."

मी माझ्या फोनवरून मिरची पूड घ्यायला गेलो आणि तिथेच अडलो. क्यूआर माझ्याच फोनच्या पडद्यावर. स्कॅन कशाने करू? वहिनी म्हणाल्या, "लोक घरातला दुसरा फोन घेतात नं." ज्यांच्या घरात त्या वेळी दुसरा फोन नसतो ते काय करतात, हे कोणी मोजलेलं नाही. पहिलं काम म्हणून तेवढी मोजणी लावली: पैशांच्या पानावर किती जण आले आणि पुढे किती जणांची ऑर्डर झाली.

स्क्रीनशॉटचा प्रकार वेगळाच. चित्र आलं की वहिनी पार्सल बांधायला घेतात. बँकेच्या एसएमएसमधला बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) जुळवून बघायचा असं ठरलेलं आहे, पण सणाच्या गर्दीत ते कोण करतं? मागच्या दिवाळीत एकाने दुसऱ्याच कुठल्या व्यवहाराचं चित्र पाठवून दोन किलो मसाला नेला. ते कळलं डिसेंबरात, मुनीमजींना.

काकूंची मागणी एका वाक्यात: "सगळे पर्याय टाक बाबू, कोणी पैसे द्याले आलं अन् आपल्यापाशी भांडं नाही, असं नको व्हायला."

२४ जुलै, गुरुवार

गेटवे ठरवला, म्हणजे ग्राहकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी. तिघांचे भाव मागवले होते, फरक उन्नीस-बीसचा. ज्याचा माणूस फोन उचलतो तो घेतला.

काकूंना एक शंका होती: "आपले पैसे आधी त्याच्याकडे काहून जातात?" बरोबरच शंका आहे. रिझर्व्ह बँकेने यासाठी १७ मार्च २०२० ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार पेमेंट अॅग्रीगेटरने (म्हणजे आपल्या गेटवेसारख्या कंपनीने) दुकानदारांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, स्वतःच्या धंद्यात मिसळायचे नाहीत. तिथून ते आपल्या खात्यात येतात. आम्हाला व्यवहाराच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी येतील. हे ऐकून काकूंचा चेहरा थोडा सैल झाला, मुनीमजींचा नाही. त्यांनी लगेच वही काढली.

"शंभरावर किती कापणार?"

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर (व्यवहारामागे कापायचं कमिशन) घ्यायचा नाही असा नियम आहे. बाकी कार्डं आणि नेटबँकिंगवर आम्हाला दिलेला भाव २ टक्के, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. मुनीमजींनी तिथेच मांडलं: ६४० ची ऑर्डर, कमिशन १२.८०, त्यावर जीएसटी २.३०, हातात ६२४.९०. मग म्हणाले, "हे २.३० क्रेडिटमध्ये परत घेता येतात. बिल दर महिन्याला पाहिजे मले." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गेटवेच्या मासिक बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक छापून येईल अशी सोय करून घेतली.

कागदपत्रं: पॅन, बँकेचं रद्द केलेल्या चेकचं पान, जीएसटी, अन्न परवाना. शिवाय वेबसाइटवर परताव्याचं धोरण, पत्ता आणि फोन हवा. परताव्याचं धोरण अजून नव्हतंच. काकूंनी सांगितलं, मी लिहिलं: बर्फी परत घेणार नाही, बाकी माल फुटला-सांडला तर फोटो पाठवा, बदलून देऊ.

२९ जुलै, मंगळवार

गेटवेचं पान जोडलं. कार्डाचा नंबर आमच्या सर्व्हरला लागूच द्यायचा नाही असं ठरवलंय, म्हणून पैसे भरायची चौकट त्यांचीच. आमच्याकडे फक्त ऑर्डर आणि रक्कम.

रक्कम पैशांत पाठवायची असते, हे त्यांच्या कागदात पहिल्याच पानावर आहे. मी वाचलं होतं, तरी विसरलो. ३४९ रुपयांचं मसाल्याचं पाकीट, मी ३४९ पाठवले, त्यांनी ते ३४९ पैसे समजले. माझ्या खात्यातून गेले ३ रुपये ४९ पैसे. चाचणीचा मोड आहे असं समजून खरा मोड चालू ठेवला होता, ही वरची दुसरी चूक. वहिनींनी पाकीट हातात दिलं, मी हसत घरी नेलं.

रुपयांना १०० ने गुणून भागत नाही, हेही आजच लक्षात आलं. चाचणीच्या एका वस्तूची किंमत १९.९९ ठेवली होती. संगणकाने १९.९९ गुणिले १०० चं उत्तर १९९९ द्यायच्या ऐवजी १९९८.९९९९ असं काहीतरी दिलं आणि पुढची अपूर्णांक छाटणारी ओळ त्याचे १९९८ करून मोकळी. एक पैसा गायब. आता सगळ्या किमती डेटाबेसमध्येच पूर्ण पैशांत, पूर्णांकात ठेवल्या आहेत. रुपये फक्त ग्राहकाला दाखवताना.

४ ऑगस्ट, सोमवार

सुरू केलं. ९ तारखेला राखी आहे, बर्फीच्या ऑर्डरी येतीलच. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग, वॉलेट, पे लेटर, ईएमआय, जे जे गेटवेने दिलं ते सगळं चालू. पडद्यावर अकरा पर्याय. काकू खूश.

जुना क्यूआर पानावरून काढला. गल्ल्यावरचा स्टिकर आहे तिथेच.

६ ऑगस्ट, बुधवार, रात्री उशिरा

११.४० ला फोन. वहिनींनी जोडून दिला. अमरावतीच्या एक बाई.

"भाऊ, माहे पैसे दोनदा कटले नं. अन् तुमचं ते पान म्हणून राहिलं का ऑर्डर नाही झाली. मी का तिसऱ्यांदा भरू?"

"नाही नाही, ताई, बिलकुल भरू नका. थांबा. बँकेचा मेसेज आहे का तुमच्याकडे?"

दोन मेसेज होते. ५८० आणि ५८०. बारा आकडी नंबर त्यांनी चष्मा शोधून, एकेक आकडा वाचून दाखवला. मी गेटवेच्या खात्यात बघितलं: दोन्ही यशस्वी. आमच्या डेटाबेसमध्ये: ऑर्डर शून्य.

"राखीच्या आधी पोचेल ना? भाऊ हिंगणघाटाले आहे माहा, थेट तिकडंच पाठवायची होती."

एक ऑर्डर हाताने नोंदवली, एकाचा रिफंड लावला. रिफंड त्यांच्या खात्यात दिसायला पाच ते सात दिवस लागतील हे सांगताना मलाच कसंतरी झालं. कटायला एक सेकंद, परत यायला आठवडा. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण नाव लिहून ठेवा माहं." लिहिलं.

मग यादी काढली. सोमवारपासून असे सात.

७ ऑगस्ट, गुरुवार

कारण सापडलं. दोन चुका एकमेकींवर बसल्या होत्या, आणि दोन्ही माझ्या.

पहिली. ऑर्डर पक्की कधी करायची? मी लिहिलं होतं: ग्राहक पैसे भरून आमच्या पानावर परत आला की. माझ्या फोनवर हे दहापैकी दहा वेळा चाललं. पण साध्या फोनवर काय होतं: बाईंनी बटण दाबलं, यूपीआयचं अॅप समोर आलं, त्यांनी पिन टाकला, पैसे गेले. तेवढ्या वेळात फोनने जागा मोकळी करायला ब्राउझरच बंद केला. त्या परत आल्या तेव्हा पान नव्याने उघडलं, पिशवी तशीच भरलेली, "पैसे भरा" बटण तसंच. माणूस दुसरं काय करणार? पुन्हा भरणार.

यासाठीच गेटवे मागच्या दाराने आपल्या सर्व्हरला स्वतः निरोप पाठवतो. त्याला वेबहूक म्हणतात. ग्राहकाचा फोन विहिरीत पडला तरी तो निरोप येतो. माझ्याकडे तोही येत होता. मी तो नाकारत होतो. ही दुसरी चूक.

निरोपावर एक सही असते. गुप्त किल्ली आणि निरोपातली अक्षरं मिळून ती काढतात, आणि आपण तीच किल्ली वापरून पुन्हा काढून जुळवायची, म्हणजे कोणी खोटा निरोप पाठवला तर पकडला जातो. ही जुळणी जशी अक्षरं आली तशीच घेऊन करावी लागते. मी निरोप आधी उघडायचो, त्यातली माहिती सुटी करायचो, आणि पुन्हा बांधून मग सही काढायचो. माहिती तीच, पण मधल्या मोकळ्या जागा बदललेल्या. सही जुळेना. सर्व्हरने सगळे निरोप खोटे ठरवून परत पाठवले, इमानदारीने, चार दिवस. चाचणीच्या वेळी सहीची तपासणीच बंद ठेवली होती, म्हणून तेव्हा कळलं नाही.

दुरुस्त केलं. आता ऑर्डर ठरवतो सर्व्हर. ग्राहकाचं पान फक्त सर्व्हरला विचारून दाखवतं.

सातही जणांना वहिनींनी स्वतः फोन केले. मी करतो म्हटलं, त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन केला की लोकांले वाटते ओटीपी मागायले आला."

११ ऑगस्ट, सोमवार

निरोप आता इतके व्यवस्थित येतात की एकाच पेमेंटचे दोनदा येतात. आमच्याकडून पोच वेळेत गेली नाही की गेटवे पुन्हा पाठवतो, तो नियमच आहे. माझ्या कोडने दोन्ही वेळा ऑर्डर बनवली. वर्ध्याच्या एका गृहस्थांना एकाच पत्त्यावर दोन डबे गेले. त्यांनी फोन करून सांगितलं आणि दुसऱ्याचे पैसेही पाठवले. अशी माणसं आहेत.

पेमेंट क्रमांकावर डेटाबेसमध्येच एकमेव असण्याची अट घातली. तोच निरोप दहादा येऊ दे.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज फक्त "अधांतरी" पेमेंटवर काम.

यशस्वी आणि अयशस्वी यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे, आणि सगळी भांडणं तिथेच होतात. ग्राहकाच्या बँकेतून पैसे गेले, पण पुढच्या बँकेचं उत्तर यायचं आहे. बँकेचा सर्व्हर दमला असेल, नेटवर्क गेलं असेल. कधी दोन मिनिटांत उलगडतं, कधी दोन तासांत. माझं पान अशा वेळी लाल अक्षरांत "पेमेंट अयशस्वी" म्हणायचं. ते खोटं होतं. आम्हाला माहीत नव्हतं, इतकंच खरं होतं.

नियम ग्राहकाच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं की खात्यातून पैसे गेले आणि व्यापाऱ्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वहिनींना एका चिठ्ठीवर लिहून दिलं, ती त्यांनी पॅकिंगच्या टेबलावर चिकटपट्टीने लावली. आता फोन आला की वाचून दाखवतात, आणि समोरचा शांत होतो. नुसतं "परत येतील" म्हटलं की होत नाही, तारीख सांगितली की होतो.

कोडमध्ये: दर दहा मिनिटांनी एक काम चालतं, अधांतरी पेमेंटांची स्थिती गेटवेला स्वतः विचारतं. अर्ध्या तासात उत्तर नाही आलं तर राखून ठेवलेला माल मोकळा. त्यानंतर पैसे आलेच, तर माल शिल्लक आहे का बघून ऑर्डर जिवंत करायची, नाहीतर लगेच रिफंड लावायचा. हा शेवटचा रस्ता लिहायला सगळ्यात कंटाळवाणा आणि वापरला सर्वांत कमी जाणार. पण तोच नसेल तर बर्फी कधीच संपलेली आणि पैसे आपल्याकडे, असं होऊन बसतं.

पानावरच्या वाक्यावर तासभर गेला. माझं होतं: "तुमच्या व्यवहाराची स्थिती प्रलंबित आहे. कृपया प्रतीक्षा करा." काकूंनी वाचून चष्मा काढला. "हे कोणाले समजणार आहे?" मग त्यांनी सांगितलं ते तसंच टाकलं:

"पैसे कटले असतील तर पुन्हा भरू नका. आम्ही बँकेला विचारतोय. फोन ठेवून दिला तरी चालेल, मेसेज येईल."

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक. महालात पाऊल ठेवायला जागा नाही, दुकान बंद, मी घरूनच. वहिनींनी गच्चीवरून व्हिडिओ पाठवला. खालून आरोळी: "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि मागे त्यांचा स्वतःचा आवाज: "अन् ते अधांतरी पेमेंट बी घेऊन जा गे!"

काम काही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

सीओडी, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे. हे टाळत होतो, पण काकू ऐकेनात. त्यांचं म्हणणं, गडचिरोली-गोंदियाकडचं गिऱ्हाईक पार्सल हातात आल्याशिवाय पैसे देत नाही, आणि यात लाजण्यासारखं काय आहे? त्यांचे सासरे सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या पोस्टातून मसाल्याचे पुडे व्हीपीपीने पाठवायचे. पोस्टमन दारात पैसे घेई, मनीऑर्डरीने ते इकडे येत. "तेव्हा तुमचा कोणता गेटवे होता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी मुनीमजींना बसवून हिशेब केला. आमच्या कुरिअरचा पाठवायचा दर ७० रुपये. ग्राहकाने दारातून परत पाठवलं तर परतीचे आणखी ७०. मसाल्याचं पाकीट परत आलं तर निदान पुन्हा विकता येतं. मागे एकदा बर्फीचा डबा दहाव्या दिवशी परत आला होता. तो उघडल्यावर वहिनींनी खोलीची दोन्ही दारं उघडी टाकली. शिवाय कुरिअरवाला वसूल केलेले पैसे आठवड्यातून एकदाच देतो, तेही सगळ्यांचे एकत्र. म्हणजे माल गेला, माल पोचला, आणि मिरचीवाल्याला द्यायला पैसे मात्र अजून वाटेत.

ठरलं ते असं: सीओडी १,५०० रुपयांपर्यंतच. बर्फी असेल तर नाही. ऑर्डर आल्यावर वहिनींचा एक फोन, उचलला तरच पार्सल बांधायचं. दोनदा परत पाठवलेल्या नंबरला सीओडी दिसणारच नाही. वर ४० रुपये जास्तीचे, आणि ते कशाचे हे पानावर स्पष्ट लिहायचं. मला आधी ९९ रुपये आगाऊ घ्यायचे होते. काकू म्हणाल्या, आगाऊ दिले तर मग उरलेले का नाही देणार तो? बरोबर आहे. विश्वासच नाही म्हणून तर तो सीओडी घेतोय.

फोनच्या नियमाचा एक फायदा अनपेक्षित निघाला. वहिनी फोनवर "सावजी तिखट चालेल नं?" असं विचारतात आणि निम्मे लोक जवसाची चटणी वाढवून घेतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोजणी बघायला बसलो. पैशांच्या पानावर येऊन परत जाणारे अजूनही बरेच आहेत. अकरा पर्याय देऊनही.

तीन जणांना समोर बसवून ऑर्डर करायला लावली: शेजारच्या आजी, वहिनींचा भाचा, आणि मुनीमजी. भाच्याने चार सेकंदांत संपवलं. आजी पानावर वरून खाली गेल्या, खालून वर आल्या आणि म्हणाल्या, "इथं फोनपे कुठं आहे?"

पहिल्याच ओळीत "यूपीआय" लिहिलेलं होतं. पण यूपीआय हा शब्द आमच्यासारख्यांचा. २०१६ मध्ये यूपीआय आलं, नऊ वर्षं झाली, भाजीवाल्याकडे रोज वापरलं जातं, तरी त्या नावाने कोणी हाक मारत नाही. "फोनपे करून देतो", "गुगल पे आहे का", एवढंच. मुनीमजी वेगळ्याच ठिकाणी अडकले. तिथे "तुमचा यूपीआय आयडी टाका" अशी चौकट होती. त्यांनी मोबाइल नंबर टाकला, पान नाही म्हणालं, त्यांनी मला बघून मान हलवली.

चौकट काढून टाकली. फोनवरून येणाऱ्याला आता वर मोठी बटणं: फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम, आणि "दुसरं कोणतंही यूपीआय अॅप". दाबलं की अॅप रक्कम भरूनच उघडतं. संगणकावरून येणाऱ्याला क्यूआर, पण त्या ऑर्डरचा, रकमेसकट. दुसऱ्या पडद्यावर क्यूआर, हातात फोन: स्कॅन करायला इथे अर्थ आहे. त्याखाली कार्ड. त्याखाली सीओडी. नेटबँकिंग "आणखी" मध्ये.

पे लेटर आणि ईएमआय बंद. ३४९ रुपयांचा मसाला हप्त्याने कोण घेणार? आणि घ्यावाच कशाला. काकूंना वाटलं होतं बंद केलं तर दुकान लहान दिसेल. आजींनी दुसऱ्यांदा एका दमात ऑर्डर केली तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत, फक्त आजींसाठी चहा आणायला सांगितला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कार्डांबद्दल दोन चौकश्या आल्या.

एक गिऱ्हाईक म्हणतं, दर महिन्याला घेतो, माझं कार्ड लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही. ग्राहकाच्या संमतीने कार्डाऐवजी एक टोकन ठेवता येतं, ते त्या दुकानापुरतंच चालतं आणि चोरीला गेलं तरी दुसरीकडे कामाचं नाही. गेटवेच्या पानावर तशी खूण करायची सोय आहे, ती चालू केली.

दुसरी चौकशी अमेरिकेतून. मुलगा तिकडे, आईवडील त्रिमूर्तीनगरात, दिवाळीला घरी फराळाचा डबा पाठवायचाय. परदेशी कार्डं आमच्या खात्यावर बंद आहेत, चालू करायची तर वेगळी परवानगी आणि चढा दर. आणि तिकडचा ग्राहक "मी हे केलंच नाही" म्हणाला तर वाद लढायचा आपण, पोच पावत्या गोळा करून. एवढ्या लहान दुकानाला हे झेपणार नाही असं माझं मत. पण रस्ता निघाला: अनिवासी भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ खातं (त्यांच्यासाठीचं इथल्या बँकेतलं खातं) परदेशी मोबाइल नंबरला जोडून यूपीआय वापरता येतं. २०२३ मध्ये ज्या दहा देशांच्या नंबरांना आधी मुभा मिळाली त्यात अमेरिका आहे. त्याच्याकडे एनआरओ खातं होतंच. बारा मिनिटांत पैसे आले.

२९ सप्टेंबर, सोमवार

२२ तारखेला जीएसटीचे नवे दर लागू झाल्यापासून मुनीमजी वैतागलेले आहेत, त्यात आज हे.

"तू म्हणाला होता नं यूपीआय फुकट आहे म्हणून? मग हे काय कापलं त्यांनी?"

२,८६० ची ऑर्डर, दिवाळीचा मोठा डबा. प्रकार यूपीआय. आणि कमिशन कापलेलं. मी म्हटलं चूक असेल, गेटवेला विचारतो. त्यांच्या माणसाने फोन उचलला (म्हणूनच तर घेतला होता) आणि दोन मिनिटांत सांगितलं: ग्राहकाने यूपीआयनेच दिले, पण खात्यातून नाही, रुपे क्रेडिट कार्डातून. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तिथे शून्य एमडीआर लागू नाही. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत सूट आहे, आमची ऑर्डर त्याच्या वर.

म्हणजे बटण एकच आणि त्याच्यामागे दोन वेगळे रस्ते. अहवालात स्वतंत्र रकाना टाकला: यूपीआय खात्यातून, यूपीआय क्रेडिट कार्डातून. मुनीमजींनी वहीत त्याला स्वतःचं नाव दिलंय: "उधारीचा फोनपे".

त्यांना गेटवेकडून रोज एकच गठ्ठा रक्कम बँकेत दिसते, त्यात वीसेक ऑर्डरी, वजा कमिशन, वजा जीएसटी, वजा रिफंड. ते ती फोडत बसायचे. आता प्रत्येक गठ्ठ्याच्या सेटलमेंट क्रमांकाखाली त्याच्या ऑर्डरी आपोआप येतात, कुरिअरचे सीओडीचे पैसे वेगळ्या पानावर. आधी संध्याकाळभर चालायचं ते काम आता चहा थंड व्हायच्या आत होतं. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. चहा मात्र गरम प्यायला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीकडे अफाट गर्दी, त्या भागात फोनचं नेटवर्क जवळजवळ नाही. दुपारी अधांतरी पेमेंटांची रांग लागली. एकही फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत दोन सोडून सगळी आपोआप निकाली, त्या दोघांचे पैसे त्यांच्या बँकेनेच परत केले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी तोंडावर. बर्फीची ऑनलाइन नोंदणी १६ तारखेला बंद करायची, वहिनींनी आज्ञाच दिलीय. राहिलेलं काम: रिफंड लागला की ग्राहकाला मेसेजमध्ये बँकेचा संदर्भ क्रमांकही जावा. दिवाळीनंतर करीन.

मुनीमजींनी सहामाही जुळवली. जुलैपासूनची सगळी सेटलमेंटं ऑर्डरींशी लागली, एक सोडून. २९ जुलै, ३ रुपये ४९ पैसे, यूपीआय, ऑर्डर ३४९ ची.

"हे कोण?"

मी सांगितलं.

"अन् पाकीट?"

"ते... घरी नेलं. संपलं."

त्यांनी पेन्सिलने वजाबाकी केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ३४५.५१. मी फोन काढला, ते म्हणाले, "यूपीआयने नको, तारीख आजची पडते, पुन्हा जुळवा लागते मले. रोख दे."

३४६ दिले. ४९ पैसे त्यांनी माझ्या नावाने जमा दाखवले आहेत.